समुद्र डोंगरावर नेणारे मासे

नदी उताराकडेच वाहते, त्यामुळे डोंगरावरची माती, कुजलेला पाचोळा आणि त्यांत विरघळलेली नत्र-स्फुरदासारखी पोषकद्रव्ये वर्षानुवर्षे खाली जात राहतात आणि शेवटी समुद्राला मिळतात. समुद्रात गेलेले पाणी ढगांच्या रूपाने परत येते, नत्राचाही काही भाग हवेतून जमिनीला मिळतो, पण स्फुरदाला असा हवाई मार्ग जवळजवळ नाहीच. मग हजारो वर्षे धुपत राहिलेल्या, थंड आणि खडकाळ ओढ्यांच्या काठी उंचच उंच वृक्षांची अरण्ये कशी टिकून राहिली? या प्रश्नाचे उत्तर एकपदरी नाही. खडक झिजून नवी माती तयार होते, काही झाडे हवेतले नत्र जमिनीत बांधतात. परंतु पॅसिफिक महासागराच्या उत्तर किनाऱ्यावर, म्हणजे कॅलिफोर्नियापासून अलास्कापर्यंत आणि पलीकडे रशियाच्या कामचत्कापासून जपानच्या होक्काइदोपर्यंत, या उत्तराचा एक मोठा भाग स्वतःच्या बळावर पोहत डोंगर चढतो.

तो भाग म्हणजे सॅमन मासा. कोकणात पहिल्या मोठ्या पावसात नदी-खाडीतले मासे अंडी घालण्यासाठी ओढ्यांतून वर, थेट भातखाचरांपर्यंत चढतात आणि त्या वलगणीच्या माशांसाठी गावातली माणसे रात्री बत्त्या घेऊन बाहेर पडतात, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना सॅमनची चढण समजायला सोपी जाईल. फरक आहे तो अंतराचा आणि पाण्याचा. सॅमन खाऱ्या समुद्रातून गोड्या पाण्यात येतो, आणि त्याची चढण काही नद्यांत हजारो किलोमीटरची असते. अलास्कातून वाहणाऱ्या युकॉन नदीतले चिनूक सॅमन कॅनडातल्या आपल्या ओढ्यांपर्यंत जाताना सुमारे ३,००० किलोमीटर प्रवाहाविरुद्ध पोहतात.

अटलांटिक महासागरातला सॅमन अंडी घातल्यानंतर जगू शकतो आणि त्यांतले काही मासे समुद्रात जाऊन पुन्हा एकदा नदीत येतात. पॅसिफिकमधल्या सॉकाय, चिनूक, कोहो, पिंक आणि चम या पाच जातींचे मासे मात्र एकदाच नदी चढतात, एकदाच प्रजनन करतात आणि थोड्याच दिवसांत तिथेच मरतात. या लेखात पुढे सॅमन म्हणजे पॅसिफिकचा सॅमन असे समजावे, कारण नदीला आणि अरण्याला त्याच्या जगण्याइतकाच त्याच्या मरणाचा उपयोग आहे.

उन्हाळ्याच्या अखेरीपासून हिवाळ्याच्या तोंडापर्यंत मादी ओढ्याच्या तळातल्या खडीत शेपटीच्या फटकाऱ्यांनी खळगा करते, त्यात अंडी सोडते, नर त्यांवर शुक्ररस सोडतो आणि मादी वरच्या बाजूची खडी उकरून तो खळगा पुन्हा झाकते. दोन ते पाच हजार अंडी अशा खळग्यांत हिवाळाभर राहतात. खडीच्या फटींतून वाहणारे थंड पाणी त्यांना प्राणवायू पुरवते. वसंत ऋतूच्या सुमारास बाहेर पडलेली पिल्ले पुढे काय करतात हे जातीवर अवलंबून असते. पिंक सॅमनची पिल्ले जवळजवळ लगेच समुद्राकडे निघतात, कोहोची पिल्ले साधारण वर्षभर किंवा अधिक काळ ओढ्यातच राहतात, तर सॉकायची बहुतेक पिल्ले जवळच्या सरोवरात जाऊन एक-दोन वर्षे वाढतात.

समुद्राकडे निघण्यापूर्वी या पिल्लांच्या शरीरात जो पालट होतो तो मला सॅमनच्या साऱ्या आयुष्यातला सर्वांत अवघड टप्पा वाटतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या शरीरातले मीठ बाहेरच्या पाण्यापेक्षा जास्त असते, म्हणून त्याचे कल्ले बाहेरून मीठ ओढून घेतात आणि मूत्रपिंडे जास्तीचे पाणी बाहेर टाकत राहतात. समुद्रात परिस्थिती नेमकी उलटी असते. तिथे शरीरातले पाणी बाहेर जाऊ पाहते आणि मीठ आत शिरू पाहते, त्यामुळे माशाला समुद्राचे पाणी प्यावे लागते आणि त्यातले मीठ कल्ल्यांतून बाहेर फेकावे लागते. हाताच्या बोटाएवढ्या पिल्लाला काही आठवड्यांत ही सारी यंत्रणा उलटी फिरवावी लागते. त्याच काळात अंगावरचे गडद पट्टे जाऊन चंदेरी रंग येतो, आणि इतके दिवस प्रवाहाकडे तोंड करून एका जागी टिकून राहणारे पिल्लू प्रवाहाबरोबर खाली वाहू लागते. धरण, जलाशय किंवा प्रदूषणामुळे या प्रवासाला उशीर झाला तर शरीराची तयारी आणि समुद्राची वेळ यांचा मेळ चुकतो, आणि त्याची किंमत बहुधा प्राणांनीच मोजावी लागते.

समुद्रात पिंक सॅमन सुमारे दीड वर्ष, सॉकाय साधारण दोन-तीन वर्षे आणि चिनूक त्याहूनही अधिक काळ राहतात. तिथे ते प्लवंग, कोळंबीसारखे लहान जीव, माकूळ आणि छोटे मासे खाऊन झपाट्याने वाढतात. परत येणाऱ्या सॅमनच्या वजनाचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग समुद्रात मिळवलेला असतो, म्हणजे नदीत शिरणारा मासा हा जवळजवळ पूर्णपणे समुद्राच्या अन्नाचा बनलेला असतो. पुढचे सारे समजण्यासाठी हा एक आकडा लक्षात ठेवणे पुरेसे आहे.

एवढ्या अफाट समुद्रातून तो नेमक्या आपल्याच ओढ्यात कसा परततो, याचे आज मान्य असलेले स्पष्टीकरण दोन टप्प्यांचे आहे. खुल्या समुद्रातून किनाऱ्याकडे येताना तो पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आधार घेतो असे मानण्यास चांगला पुरावा आहे. कॅनडातल्या फ्रेझर नदीच्या मुखासमोर व्हॅंकूव्हर बेट आडवे पसरले आहे, त्यामुळे नदीकडे येणाऱ्या सॉकायला बेटाच्या उत्तरेकडून किंवा दक्षिणेकडून वळसा घालावा लागतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ५६ वर्षांच्या मासेमारीच्या नोंदी तपासल्या, तेव्हा असे दिसले की कोणत्या वर्षी किती मासे कोणत्या बाजूने येतात याचा संबंध चुंबकीय क्षेत्राच्या संथ सरकण्याशी आहे. पिल्लू असताना नदीच्या मुखाशी जी चुंबकीय तीव्रता अनुभवली, तिच्याशी अधिक जुळणारी वाट मासे अधिक प्रमाणात निवडत होते.

नदीत शिरल्यावर मात्र काम वासाचे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचे आर्थर हॅस्लर एकदा युटा राज्यातल्या डोंगरात, लहानपणापासून ओळखीच्या एका धबधब्याजवळ चालले असताना शेवाळ आणि रानफुलांच्या वासाने त्यांच्या बालपणीच्या आठवणी अचानक जाग्या झाल्या, आणि सॅमनलाही आपल्या ओढ्याचा वास असाच लक्षात राहत असेल काय, हा विचार त्यांच्या मनात आला. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात वॉशिंग्टन राज्यातल्या इसाक्वा ओढ्याच्या दोन फाट्यांवर परतलेले कोहो सॅमन पकडून त्यांतल्या निम्म्या माशांच्या नाकपुड्या बंद केल्या आणि सर्वांना संगमाच्या खाली पुन्हा सोडले. नाक उघडे असलेले मासे बहुतांशी आपल्या फाट्याला लागले, तर नाक बंद केलेल्यांची निवड गोंधळलेली होती. पुढे १९७०च्या दशकात हॅस्लर आणि सहकाऱ्यांनी कोहोच्या पिल्लांना मॉर्फोलिन किंवा दुसऱ्या एका कृत्रिम गंधाच्या पाण्यात काही काळ ठेवून मिशिगन सरोवरात सोडले, आणि दीड वर्षाने मोठे झालेले मासे आपापला गंध मिसळलेल्या ओढ्यांत आले. प्रत्येक ओढ्याचा खडक, माती, झाडे आणि शेवाळ यांतून त्याचा स्वतःचा असा गंध तयार होतो, आणि समुद्राकडे निघताना पिल्लू तो कायमचा लक्षात ठेवते. मोजके मासे चुकून किंवा अन्य कारणाने दुसऱ्या ओढ्यात शिरतात. हे चुकणेही मोलाचे आहे, कारण हिमनद्या मागे सरकून मोकळ्या झालेल्या नव्या नद्यांत सॅमनची वस्ती अशाच भरकटलेल्या माशांनी केली आहे.

नदीत शिरल्यावर सॅमन खाणे थांबवतो. त्याचे जठर आकसते, साठवलेली चरबी आणि नंतर स्नायूही जाळून तो पुढे जात राहतो. सॉकायच्या मांसाला लालसर करणारे रंगद्रव्य कातडीत येऊन अंग गडद लाल आणि डोके हिरवे होते, नराचा जबडा आकड्यासारखा वळतो, पिंक सॅमनच्या नराच्या पाठीवर मोठे कुबड येते. कॉर्टिसॉल या संप्रेरकाची पातळी खूप वाढते, रोगप्रतिकारशक्ती ढासळते, आणि प्रजनन होते तोवर कातडी फाटलेली, पर झिजलेले आणि अंगावर बुरशी चढलेली असते. मादी काही दिवस आपल्या खळग्याची राखण करते आणि मरते. अशा ओढ्याकाठी सप्टेंबरात कुजलेल्या माशांचा दर्प दूरपर्यंत येतो, आणि पाहणाऱ्याला तो नासाडीचा देखावा वाटतो. वास्तविक जमिनीला समुद्राकडून मिळणारे देणे चुकते होते ते याच वेळी.

हे देणे किती, याचा ढोबळ हिशेब करता येतो. सॅमनच्या ओल्या वजनात सुमारे ३ टक्के नत्र आणि ०.३५ टक्क्यांच्या आसपास स्फुरद असते. २.७ किलोच्या एका सॉकायमध्ये, म्हणजे, सुमारे ८० ग्रॅम नत्र आणि १० ग्रॅम स्फुरद. एक लाख मासे ज्या खोऱ्यात चढतात तिथे आठ टन नत्र आणि जवळजवळ एक टन स्फुरद समुद्रातून वर येते, आणि तेही वाढीचा हंगाम संपत आलेल्या, मुळातच पोषकद्रव्यांची वाण असलेल्या ओढ्यांत. परत जाणारी पिल्ले त्यातला काही भाग समुद्रात नेतात, हेही खरे. परंतु चढण चांगली असेल तर येणे जाण्यापेक्षा पुष्कळ जास्त असते.

पाण्यातला मासा जमिनीवर नेण्याचे काम अस्वले करतात. मासे मुबलक असले की अस्वल सबंध मासा खात नाही. मेंदू, गाभोळी आणि चरबीचे भाग तेवढे खाऊन उरलेला मासा टाकून देते आणि दुसरा पकडते. इतर अस्वलांचा उपद्रव नको म्हणून ते पकडलेला मासा अनेकदा झाडीत घेऊन जाते. कॅनडाच्या हैदा ग्वाई द्वीपसमूहातल्या बॅग हार्बर येथे टॉम राइमखेन यांनी काळ्या अस्वलांचे निरीक्षण केले, तेव्हा चढणीच्या सहा आठवड्यांत एक अस्वल सुमारे ७०० सॅमन पकडत असल्याचे आणि त्यांचा मोठा भाग अर्धवट खाऊन रानात टाकत असल्याचे त्यांना दिसले. त्या उष्ट्यावर कावळे, गल हे समुद्रपक्षी, मार्टेन हे मुंगसासारखे छोटे शिकारी प्राणी आणि माश्यांच्या अळ्या जगतात. उरलेले पावसाने मातीत मुरते आणि अस्वलाच्या मूत्रातूनही नत्र रानभर पसरते. वॉशिंग्टन आणि ऑरेगॉन या दोन राज्यांत सॅमनशी आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर संबंध येणाऱ्या पशुपक्ष्यांच्या १३०हून अधिक जाती मोजल्या गेल्या आहेत.

झाडात गेलेले नत्र समुद्रातले आहे हे ओळखण्यासाठी शास्त्रज्ञ नत्राच्या वजनाचा आधार घेतात. नत्राच्या अणूंत काही थोडे किंचित जड असतात, त्यांना नायट्रोजन-१५ हा समस्थानिक म्हणतात. अन्नसाखळीत जसजसे वर जावे तसतसे या जड नत्राचे प्रमाण वाढते, आणि समुद्रातल्या लांब अन्नसाखळीत वाढलेल्या सॅमनमध्ये ते विशेष जास्त असते. जेम्स हेल्फील्ड आणि रॉबर्ट नेमन यांनी २००१ मध्ये आग्नेय अलास्कातल्या ओढ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजानुसार सॅमनच्या ओढ्यांकाठच्या झाडाझुडपांच्या पानांतले सुमारे २२ ते २४ टक्के नत्र सॅमनकडून आलेले होते, आणि तिथले सिटका स्प्रूस हे सूचिपर्णी वृक्ष सॅमन नसलेल्या जागांच्या तुलनेत अधिक वेगाने वाढत होते. झाडांच्या वार्षिक वलयांतही हे जड नत्र सापडते.

इथे सावध राहणे आवश्यक आहे, कारण ही गोष्ट इतकी सुंदर आहे की ती तपासल्याशिवाय सांगण्याचा मोह होतो. ओलसर मातीतले जीवाणूही जड नत्राचे प्रमाण वाढवू शकतात, आणि सॅमन जिथे येतात ते सपाट, ओलसर काठ मुळातच झाडांच्या वाढीला अनुकूल असू शकतात. मग झाडे सॅमनमुळे वाढली की जागेमुळे, हे कसे ठरवावे? याचे उत्तर काहीसे अनपेक्षित वाटेने मिळाले. नैर्ऋत्य अलास्कात हॅन्सन क्रीक नावाचा सुमारे दोन किलोमीटर लांबीचा, सहज ओलांडता येईल असा उथळ ओढा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठाचे टॉम क्विन आणि त्यांचे सहकारी तिथे दर उन्हाळ्यात रोज ओढ्यातून चालत जाऊन मेलेले सॉकाय मोजत असत, आणि तोच मासा दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून मोजलेला मासा काठावर टाकत असत. टाकायचेच आहेत तर सगळे एकाच काठावर टाकावेत, असे त्यांनी ठरवले. शिवाय, दुसऱ्या काठावर अस्वलांनी नेलेले मासेही ते या काठावर आणून टाकत. वीस वर्षांत दोन लाखांहून अधिक मासे असे एकाच बाजूला पडले.

२०१८ मध्ये या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मासे टाकलेल्या काठावरच्या पांढऱ्या स्प्रूसच्या सुयांमध्ये समुद्री नत्राचे प्रमाण स्पष्टपणे जास्त होते. वाढीची गोष्ट अधिक गुंतागुंतीची निघाली. झाडांच्या गाभ्याचे नमुने काढून जुनी वलये मोजली, तेव्हा असे आढळले की प्रयोग सुरू होण्याआधी या काठावरची झाडे समोरच्या काठावरच्या झाडांपेक्षा सावकाश वाढत होती, कदाचित जमीन आणि उतार यांच्यातल्या फरकामुळे. मासे मिळू लागल्यावर त्यांनी वेग घेतला आणि ही पिछाडी भरून काढली. नुसते आजच्या झाडांकडे पाहिले असते तर दोन काठांतला फरक फारसा जाणवलाच नसता. माझ्या मते सॅमन आणि अरण्य यांच्या नात्याचा हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे, आणि तो भरवशाचा आहे तो याचसाठी की त्यात जागेचा वाटा आणि माशांचा वाटा वेगळा काढता येतो.

पाण्यातला परिणाम अधिक थेट असतो. कुजणाऱ्या माशांतून सुटणारी द्रव्ये दगडांवरच्या शेवाळाला मिळतात, शेवाळावर कीटकांच्या अळ्या पोसतात, आणि काही अळ्या थेट मासाच खातात. गेल्या वर्षीच्या अंड्यांतून आलेली कोहोची पिल्ले त्या वेळी ओढ्यातच असतात. ती वाहून आलेली अंडी आणि मेलेल्या माशांचे तुकडे खातात. वॉशिंग्टनमधल्या ओढ्यांत मुद्दाम मेलेले सॅमन टाकून पाहिले असता तिथल्या पिल्लांची संख्या आणि अंगची भर दोन्ही वाढल्याचे १९९०च्या दशकातच दिसून आले होते. ओढ्यात पुरेसे मासे मेले नाहीत तर पुढची पिढी हिवाळ्यात अशक्त राहते आणि समुद्रातून कमी संख्येने परतते. घट एकदा सुरू झाली की ती स्वतःलाच कशी वाढवत नेते, हे यावरून लक्षात यावे.

मातीवर होणारा परिणामही मोठा आहे, जरी त्याची चर्चा कमी होते. हजारो माद्या एकाच ओढ्याचा तळ उकरतात तेव्हा खडीत अडकलेला बारीक गाळ सुटून वाहून जातो आणि फटी मोकळ्या होतात, म्हणजे अंड्यांना लागणारे वाहते पाणी मिळण्याची व्यवस्था मासे स्वतःच करतात. ब्रिटिश कोलंबियातल्या काही ओढ्यांत केलेल्या मोजमापानुसार तळाने वाहून जाणाऱ्या वर्षभराच्या खडीपैकी जवळजवळ निम्मी खडी सॅमनच्या उकरण्यामुळे हलते. एरवी हे काम पुराचे असते. याची दुसरी बाजू अशी की खोदकाम चालू असताना दगडांवरचे शेवाळ आणि कीटक निघून जातात आणि ओढा तात्पुरता ओका होतो.

अलास्कातला ब्रिस्टल बे हा जगातला सॉकायचा सर्वांत मोठा साठा. २०२२ मध्ये तिथे सुमारे ७.९ कोटी सॉकाय परतले, ही तिथली आजवरची विक्रमी संख्या. या खोऱ्यातल्या वेगवेगळ्या ओढ्यांत, नद्यांत आणि सरोवरांच्या काठांवर सॉकायच्या शेकडो वेगळ्या कुळ्या, म्हणजे स्थानिक वंश, आहेत, प्रत्येकीची वेळ आणि आकारमान आपापल्या जागेला जुळलेले आहे. एखादे वर्ष कोरडे गेले तर उथळ ओढ्यांतल्या कुळ्यांना फटका बसतो, पण सरोवरकाठच्या कुळ्या तग धरतात. २०१० मधल्या एका अभ्यासात असे दिसले की ही विविधता नसती, सारे मासे एकसारखे असते, तर वर्षावर्षातले चढउतार दुपटीहून अधिक झाले असते आणि मासेमारी बंद ठेवण्याची वेळ दहापट अधिक वेळा आली असती. अस्वलांना आणि पक्ष्यांनाही याचा लाभ होतो, कारण एका ओढ्यातली चढण संपते तेव्हा दुसऱ्यातली सुरू झालेली असते. तिथल्या मोठ्या नद्यांवर मनोऱ्यांत बसलेले गणक दर तासाला दोन्ही काठांवर दहा-दहा मिनिटे वर जाणारे मासे मोजतात, आणि ठरलेल्या संख्येइतके मासे वर गेले की नाही हे पाहून रोजच्या मासेमारीचा निर्णय होतो. याच खोऱ्यात पेबल नावाच्या तांबे-सोन्याच्या मोठ्या खाणीचा प्रस्ताव होता, तो अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जानेवारी २०२३ मध्ये रोखला.

दक्षिणेकडे चित्र फार वेगळे आहे. वॉशिंग्टन, ऑरेगॉन, आयडाहो आणि कॅलिफोर्निया या राज्यांतल्या नद्यांना पूर्वी सॅमनकडून जेवढे नत्र आणि स्फुरद मिळत असे त्याच्या केवळ ६ ते ७ टक्के आता मिळते, असा अंदाज २००० साली मांडला गेला. अतिरेकी मासेमारी, जंगलतोड आणि शहरांची वाढ ही कारणे आहेतच. मोटारींच्या टायरमधल्या एका रसायनापासून तयार होणारा पदार्थ पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्यांत जाऊन कोहोंना मारतो, हे २०२० मध्ये स्पष्ट झाले. २०१५च्या उन्हाळ्यात कोलंबिया नदी इतकी तापली की परतणारे सुमारे अडीच लाख सॉकाय वाटेतच मेले. पण सर्वांत मोठे आणि टिकाऊ कारण म्हणजे धरणे. कोलंबियावरच्या १९३८च्या बॉनव्हिल धरणाला मासे चढण्यासाठी पायऱ्यापायऱ्यांचा पाणमार्ग ठेवला होता. त्याच नदीवर पुढे बांधलेल्या प्रचंड ग्रँड कूली धरणाला तसा मार्गच नाही, आणि त्यामुळे वरचे सारे खोरे सॅमनला कायमचे बंद झाले. आपल्याकडे गंगेत समुद्रातून चढणाऱ्या हिल्साचे असेच झाले, १९७५ साली फरक्का बंधारा कार्यान्वित झाल्यावर प्रयागराजपर्यंत येणारा हा मासा तिथे दुर्मीळ झाला.

धरणांची भरपाई म्हणून सरकारांनी मत्स्यबीज केंद्रे उभारली आणि त्यांतून दरवर्षी कोट्यवधी पिल्ले सोडली जातात. मासेमारीला यातून आधार मिळाला, हे मान्य करायला हवे. तरीही नदीच्या दृष्टीने ही भरपाई अपुरी आहे, कारण केंद्रात वाढलेला मासा बहुधा केंद्राच्याच दारात परततो. त्याचे कलेवर डोंगरातल्या ओढ्यात पडत नाही, त्याच्यासाठी कोणी खडी उकरत नाही आणि अस्वलाच्या वाट्याला तो येत नाही.

वाट मोकळी केली तर काय होते हे पाहण्याची संधी वॉशिंग्टनमधल्या एल्वा नदीने दिली. समुद्रापासून अवघ्या आठ किलोमीटरवर १९१३ साली पुरे झालेले एल्वा धरण, माशांना वाट ठेवण्याचा राज्याचा कायदा असूनही, वाटेविना बांधले गेले. वर १९२७ साली ६४ मीटर उंचीचे ग्लाइन्स कॅन्यन धरण आले. लोअर एल्वा क्लॅलम या तिथल्या मूळ रहिवासी जमातीने अनेक दशके पाठपुरावा केल्यावर २०११ ते २०१४ या काळात दोन्ही धरणे काढण्यात आली. अडलेला कोट्यवधी घनमीटर गाळ खाली आला, नदी काही वर्षे गढूळ राहिली आणि मुखाशी नवी पुळण तयार झाली. डिपर नावाचा एक लहान पक्षी तिथल्या ओढ्यांत बुडी मारून कीटक आणि माशांची अंडी खातो. सॅमन पोहोचत असलेल्या भागातल्या माद्या सॅमन नसलेल्या भागातल्या माद्यांपेक्षा अंगाने भरलेल्या असतात आणि एकाच हंगामात दुसऱ्यांदा घरटे करण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त असते, असे संशोधकांना आढळले. धरणे काढायला सुरुवात झाली तेव्हा जमातीने स्वतःहून मासेमारी थांबवली होती, ती ऑक्टोबर २०२३ मध्ये कोहोपुरती मर्यादित स्वरूपात पुन्हा सुरू झाली.

कॅलिफोर्निया आणि ऑरेगॉनमधून वाहणाऱ्या क्लॅमथ नदीवरची चार धरणे २०२३-२४ मध्ये काढली गेली, अमेरिकेच्या इतिहासातले हे सर्वांत मोठे धरणनिर्मूलन. २००२ साली याच नदीच्या खालच्या भागात, पाणी कमी आणि उष्ण असताना रोग पसरून ३०,०००हून अधिक सॅमन मेले होते, आणि तेव्हापासून युरोक, करुक आणि क्लॅमथ जमातींच्या लढ्याला नवा जोर आला. बांध निघाल्यावर थोड्याच दिवसांत, १६ ऑक्टोबर २०२४ रोजी, सर्वांत वरच्या धरणाच्या जागेच्याही पलीकडे एका उपनदीत चिनूक सॅमन दिसला. ऑरेगॉनमधल्या क्लॅमथ खोऱ्यात १९१२ नंतर समुद्रातून आलेला तो पहिला मासा होता.

कोलंबियाची उपनदी असलेल्या स्नेक नदीचा प्रश्न याहून अवघड आहे. आयडाहोतल्या रेडफिश सरोवरात येणारा सॉकाय समुद्रापासून सुमारे १,४५० किलोमीटर पोहतो आणि जवळजवळ २,००० मीटर उंची चढतो, आणि त्या वाटेत आठ धरणे आहेत. १९९१ साली हा मासा संकटग्रस्त जाहीर झाला आणि १९९२ साली सबंध वर्षात एकच नर सरोवरात परतला. त्याच्यासारख्या मोजक्या माशांपासून बंदिस्त प्रजननाने ही कुळी जगवली गेली. १९६० आणि १९७०च्या दशकांत बांधलेली स्नेकच्या खालच्या भागातली चार धरणे काढावीत ही मागणी जुनी आहे. त्यांतून वीज मिळते, आणि समुद्रापासून इतक्या आत असलेल्या, आयडाहोतल्या लुइस्टन शहरापर्यंत गव्हाच्या बोटी जातात, म्हणून विरोधही तेवढाच जोरदार आहे. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या सरकारने जमाती आणि राज्यांशी सॅमनच्या पुनरुज्जीवनाचा करार केला होता, जून २०२५ मध्ये त्यातून माघार घेतली. धरणे काढायची तर अमेरिकी काँग्रेसची मंजुरी लागेल. दरम्यान मध्य आयडाहोतल्या काही ओढ्यांत शोशोन-बॅनॉक जमातीच्या जीवशास्त्रज्ञांनी मत्स्यबीज केंद्रांतल्या सॅमनचे मांस वाळवून, निर्जंतुक करून बनवलेल्या वड्या पाण्यात टाकून पाहिल्या आहेत. शेवाळ वाढले, कीटक वाढले, आणि ओढ्यातल्या माशांच्या शरीरात समुद्राचे नत्र पुन्हा दिसू लागले. तो परिणाम टिकवायचा तर वड्या दरवर्षी डोंगरावर वाहून न्याव्या लागतात.